पोलिश माणसाला अवघड इंग्रजी सोपं का जातं?

पोलंडमध्ये व्रोत्सवाफला नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "ऑफिसातली माझी पोलिश मैत्रीण केंब्रिजच्या सी-टू, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करतेय. 'अँबिव्हॅलंट', 'कोहिरंट' असले शब्द ती सहज वापरते, पण 'पुट अप विथ' किंवा 'गेट अराउंड टू' आलं की अडते. मागे तिने मेल केला, 'इव्हेंच्युअली वी कॅन मीट ऑन थर्सडे'. मी गुरुवारी कॅफेत जाऊन बसले, ती आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, मी तर नक्की म्हटलंच नव्हतं! हे काय गौडबंगाल आहे? आणि इंग्रजी वाक्प्रचार तिला शिकवायचे तर कुठून सुरुवात करू?"

ताई, तुमची मैत्रीण पोलिशमध्ये अगदी बरोबर बोलली. फक्त शब्द इंग्रजी होते.

पोलिशमध्ये 'एवेन्तुआल्न्ये' म्हणजे 'नाहीच जमलं तर', 'हवं तर', 'पर्याय म्हणून'. तिचा मेल मराठीत असा वाचायचा: 'आधीच्या दिवशी नाही जमलं, तर गुरुवारीही भेटता येईल.' इंग्रजीतलं 'इव्हेंच्युअली' मात्र 'शेवटी एकदाचं', म्हणजे होणार हे ठरलेलं, फक्त उशिरा. एकीकडे शक्यता, दुसरीकडे खात्री. गंमत म्हणजे या भांडणात एकटी पडलीय ती इंग्रजी. जर्मन आणि फ्रेंचमध्येही हा शब्द पोलिशसारखाच 'कदाचित'च्या अंगाने जातो. 'आक्तुआल्न्ये'चंही तेच. पोलिशमध्ये तो 'सध्या', 'आत्ता', आणि इंग्रजी 'अ‍ॅक्च्युअली' म्हणजे 'खरं तर'. पोलिश दुकानदार इंग्रजीत 'अ‍ॅक्च्युअल प्राइस लिस्ट' म्हणाला तर त्याला 'आजचे दर' म्हणायचंय, 'खरे दर' नव्हे. (म्हणजे कालचे खोटे होते असं समजून भांडू नका.)

आता हे का होतं, ते जरा नीट बघू, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

पोलंडने इ.स. ९६६ मध्ये रोमन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर कित्येक शतकं तिथे चर्च, न्यायालय, शाळा आणि दरबार यांचा कारभार लॅटिनमध्ये चालला. तिथले उमराव तर बोलताना पोलिश वाक्यात लॅटिन तुकडे पेरत, आपल्याकडे कीर्तनकार संस्कृत वचनं पेरतात तसे. पुढे फ्रेंचची भर पडली. इंग्रजीकडे हाच माल १०६६ नंतर नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आणि मग थेट लॅटिनमधून आला. म्हणजे दोन्ही भाषांचं भारी सामान एकाच गोदामातलं. आपल्याला घोकून पाठ करावे लागणारे 'अ‍ॅब्स्टिनन्स', 'अँबिव्हॅलंट', 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' हे शब्द पोलिश माणसाला शाळेपासून ओळखीचे असतात, फक्त शेपूट वेगळं. त्यामुळे ज्याला कोचिंगवाले 'अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' म्हणतात, ती तुमच्या मैत्रिणीला निम्मी फुकटात मिळालीय. अवघड जातं ते इंग्रजीचं घरगुती सामान: गेट, पुट, टेक, आणि त्यांच्या मागे लागलेले अप, आउट, ऑफ.

आणि फुकटात मिळालेल्या मालातच खोट निघते. मराठी माणूस हिंदी बोलताना जिथे फसतो, नेमका तसाच हा फसवा प्रदेश आहे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आणि 'संविधान संशोधन' म्हणजे घटनेवरची पीएचडी नव्हे, घटनादुरुस्ती. तत्सम शब्द दिसला की आपण बेसावध होतो. पोलिश माणूस लॅटिन शब्द दिसला की होतो.

काही खास नमुने सांगतो. 'सिंपातिच्नी' म्हणजे छान, लाघवी स्वभावाचा. त्यावरून नव्या बॉसला 'सिंपथेटिक' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं कुणाकडे काही दुःखद घडलंय. 'ऑर्दिनार्नी' म्हणजे असभ्य, शिवराळ; 'ऑर्डिनरी' मात्र बिचारा साधा. 'कॉन्सेक्वेन्त्नी' म्हणजे जो म्हणतो तेच करतो तो, इंग्रजीत 'कन्सिस्टंट'. 'कॉन्क्रेत्नी' माणूस म्हणजे मुद्द्याचं बोलणारा, पण इंग्रजीत 'काँक्रीट मॅन' म्हटलं की डोळ्यांसमोर पुतळा उभा राहतो. 'रेझिग्नोवाच्' या क्रियापदाने नोकरीही सोडता येते आणि जेवणानंतरचं गोडही नाकारता येतं, त्यामुळे 'आय रिझाइन्ड फ्रॉम द डेझर्ट' असं, गुलाबजामचा राजीनामा दिल्यासारखं वाक्य तयार होतं. 'कॉन्त्रोलोवाच्' म्हणजे तपासणे. म्हणून 'प्लीज कंट्रोल धिस डॉक्युमेंट' असा मेल आला तर कागद बेकाबू झालेला नसतो. जॅममध्ये 'प्रिझर्व्हेटिव्ह' आहेत का, हे इंग्रज माणूस पोलिशमध्ये तोच शब्द वापरून सहसा एकदाच विचारतो, कारण 'प्रेझेर्वातिवा' म्हणजे निरोध, तो औषधाच्या दुकानात मिळतो आणि खायचा नसतो. आणि 'दिवान' म्हणजे तिकडे गालिचा! आपला दिवाण आणि तो, दोघेही फारसीतून निघालेले. एक बैठकीत स्थिरावला, एक पायाखाली गेला.

हे शब्द नुसते 'चूक-बरोबर' यादी करून सुधारत नाहीत. मैत्रिणीला सांगा, प्रत्येक जोडीचे चार कोपरे लिही. 'इव्हेंच्युअली'ला पोलिशमध्ये काय म्हणतात? 'व् कोंत्सू', म्हणजे शेवटी. आणि 'एवेन्तुआल्न्ये'ला इंग्रजीत काय? 'ऑर पॉसिब्ली', 'इफ नीड बी', 'ऑल्टरनेटिव्हली'. नुसतं 'इव्हेंच्युअली वापरू नकोस' एवढंच सांगितलं तर तिला जे म्हणायचंय त्यासाठी शब्दच उरत नाही, आणि घाईत हात पुन्हा जुन्या शब्दावर जातो.

आता 'पुट अप विथ'. इथे मला वाटतं पोलिश शिक्षक आणि पुस्तकं एक हातातली गोष्ट सोडून देतात. पोलिश क्रियापदं उपसर्गांवर चालतात. 'पिसाच्' म्हणजे लिहिणे. 'झापिसाच्' म्हणजे टिपून ठेवणे, 'पॉत्पिसाच्' म्हणजे सही करणे, 'ऑपिसाच्' वर्णन करणे, 'दोपिसाच्' लिखाणात भर घालणे, 'प्शेपिसाच्' उतरवून काढणे (आणि डॉक्टरने औषध लिहून देणेही), 'विपिसाच्' म्हणजे लिहून काढणे, शिवाय रुग्णाला हॉस्पिटलातून घरी सोडणे. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्हाला तो श्लोक आठवेलच:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला ओढून भलतीकडे नेतो. इंग्रजीही हेच करते, फक्त ओढणारा शब्द क्रियापदाच्या मागे ठेवते. 'राइट डाउन' म्हणजे 'झापिसाच्'. पोलिश 'वि-' बऱ्याचदा इंग्रजी 'आउट'शी जुळतो: फेकून देणे, खोडून टाकणे, बाहेर जाणे, तिन्हीकडे तिथे 'वि-' आणि इथे 'आउट'. नेहमी जुळत नाही. मुलांना वाढवणे तिकडे 'विखोवाच्' आणि इंग्रजीत 'ब्रिंग अप'. पण 'हे सगळं निरर्थक आहे, पाठच करायचं' ही जी हताशा येते, ती या ओळखीने कमी होते.

'अप'चं एक कोडं तर तुम्ही दोघी मिळून चहाच्या वेळेत सोडवाल. 'ईट' आणि 'ईट अप' यांत फरक काय? पोलिशमध्ये 'येश्च्' म्हणजे खाणे ही क्रिया, चालू असलेली. 'झ्येश्च्' म्हणजे खाऊन संपवणे. तसंच 'पिच्' आणि 'विपिच्'. पोलिश पोरांना हा अपूर्ण-पूर्ण भेद पाळण्यातच कळतो. मराठीत आपण तो दुसऱ्या क्रियापदाने दाखवतो: खा, खाऊन टाक, पी, पिऊन टाक. म्हणजे 'ड्रिंक अप', 'यूज अप'मधला 'अप' हा पुष्कळदा आपला 'टाक' आहे. हे तिला मराठीतून दाखवा, मजा येईल. 'पुट अप विथ'ला मात्र असा उपाय नाही, तो तिने 'झ्नोसिच्', सहन करणे, याच्याशी बांधून गिळावा.

जोसेफ कॉनरॅडचं नाव या विषयात निघतंच. १८५७ साली पोलिश घरात जन्मलेला हा माणूस इंग्रजी शिकला विशीत, आणि १८९५ मध्ये त्याची पहिली इंग्रजी कादंबरी आली. लोक त्याच्या जिद्दीचं कौतुक करतात. मला त्याचा मार्ग जास्त महत्त्वाचा वाटतो: १८७८ पासून तो ब्रिटिश जहाजांवर होता, १८८६ मध्ये कप्तानाची परीक्षा पास झाला. भारदस्त शब्द त्याच्याकडे पोलिश आणि फ्रेंचमधून होतेच. खलाशांच्या तोंडची छोटी क्रियापदं त्याला डेकवर मिळाली. तुमच्या मैत्रिणीला डेक नाही, पण तुम्ही आहात. तिच्याशी भारदस्त बोलू नका, रोजचं बोला.

राहिले वाक्प्रचार. यातल्या काहींना शिकवायची गरजच नाही. हिमनगाचं टोक, मेंढीच्या कातड्यातला लांडगा ही चित्रं पोलिशमध्ये जशीच्या तशी आहेत. काही ठिकाणी चित्र वेगळं, अर्थ तोच. इंग्रज तव्यातून विस्तवात पडतो, आपण आगीतून फुफाट्यात, आणि पोलिश माणूस 'ज् देश्चू पॉद रिन्नें', पावसातून निघून पन्हाळीच्या धारेखाली. इंग्रज भांडणात सरपण घालतो, पण पोलिश माणूस आपल्यासारखंच आगीत तेल ओततो, 'दोलाच् ऑलिवी दो ऑग्न्या'; आणि त्यातला 'ऑग्न्या' म्हणजे आपल्या अग्नीचाच भाऊबंद. असे वाक्प्रचार लवकर बसतात, कारण दोन चित्रं शेजारी ठेवली की लक्षात राहतात.

खरा चकवा तिसऱ्या प्रकारात आहे, जिथे चित्र सारखं आणि अर्थ निराळा. पोलिशमध्ये 'पोत्यातलं मांजर विकत घेणे' म्हणजे न बघता सौदा करणे. इंग्रजीत त्यासाठी पोत्यात डुक्कर आहे: 'पिग इन अ पोक', आणि हा 'पोक' म्हणजे पिशवीचं जुनं नाव. पण इंग्रजीतही पोत्यात मांजर सापडतंच, 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग', आणि तिथे अर्थ होतो गुपित फोडणे. पोलिश माणसाला मांजर आणि पोतं ऐकू आलं की तो सौद्याकडे वळतो. मग गुपित बाहेर पडलं तर पोलिशमध्ये पोत्यातून काय निघतं? आरी! 'विश्वो शिद्वो ज् वोर्का'. चांभाराची टोकदार आरी पोतं फाडून बाहेर येते, लपवणार किती. मला तर यात पोलिश चित्रच सरस वाटतं. इंग्रजीत कुणीतरी मांजर सोडावं लागतं, आरी आपली आपण बाहेर येते.

पोलिश वाक्प्रचार शब्दशः इंग्रजीत नेले तर? 'ज्येंकूयें ज् गूरी' म्हणजे 'आगाऊ धन्यवाद', पण 'गूरा' म्हणजे डोंगरही, म्हणून 'थँक यू फ्रॉम द माउंटन' हा पोलिश लोकांचा स्वतःवरचाच जुना विनोद आहे. 'माझी सर्कस नाही, माझी माकडं नाहीत' (म्हणजे या भानगडीशी माझा संबंध नाही) हे एक मात्र इंग्रजीत रुळलं, आता अमेरिकन लोकही म्हणतात. त्या एकावरून बाकीचे न्यायला जाऊ नये.

एक सल्ला परीक्षेपुरता. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' छाप चित्रविचित्र वाक्प्रचारांच्या याद्या बाजूला ठेवा. सी-टूच्या पेपरात दिलेला शब्द न बदलता, तीन ते आठ शब्दांत वाक्य फिरवून लिहायचा एक प्रश्न असतो. तिथे उपयोगी पडतात ते 'टेक इश्यू विथ', 'अ‍ॅट ऑड्स विथ', 'टू लिटल अव्हेल' असले बेरंगी तुकडे. ते अख्खे पाठ करायचे, मागच्या-पुढच्या 'अ' आणि 'द'सकट, कारण पोलिशमध्येही मराठीसारखीच उपपदं नाहीत आणि तर्काने ती दोघींनाही सुचणार नाहीत.

परीक्षेच्या दिवशी तिला 'पोवामान्या प्यूरा' म्हणा. शब्दशः 'पेन मोडो', अर्थ 'यश मिळो'. ती उत्तरात 'न्ये ज्येंकूयें' म्हणेल, म्हणजे 'आभार मानत नाही'. रागावू नका, आभार मानले तर शुभेच्छा फळत नाही अशी तिकडे समजूत आहे.