सायकलचे डिस्क ब्रेक दाबले की कर्कश किंचाळतात, काय करावे?

आधी आवाज ओळखा. फक्त पावसात किंवा धुतल्यावर ओरडत असतील आणि चार-पाच वेळा ब्रेक मारल्यावर गप्प होत असतील, तर काही बिघडलेले नाही.

कोरड्यातही किंचाळत असतील तर बहुतेक वेळा डिस्कवर तेल गेलेले असते. चेनवर स्प्रे मारताना ते हमखास मागच्या डिस्कवर उडते, म्हणून चेनला तेल थेंबाथेंबानेच घाला. स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डिस्क पुसा आणि नंतर तिला बोट लावू नका. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) काढून बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा. तेल आत मुरले असेल तर पॅड बदला. गॅसवर भाजून तेल जाळायचा सल्ला मिळतो, पण माझ्या मते ब्रेकच्या बाबतीत हा धोका पत्करू नये.

पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, अगदी हळू होईपर्यंत ब्रेक दाबा. असे प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा करा. ही पायरी लोक गाळतात आणि आवाज परत येतो.

चाक फिरताना नुसती खस-खस येत असेल तर कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा भाग) तिरका आहे. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल तर त्याचे दोन बोल्ट (बहुधा ५ मिमी ॲलन की) सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच आवळा. ठरावीक जागीच घासत असेल तर डिस्क वाकलेली आहे. ती दुकानात सरळ करून घ्या.

पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर हे काहीच करू नका, आधी नवे पॅड टाका.