ग्रेटफुल डेड आणि फिश या दोन बँडचे फॅन इतके सारखे का वाटतात? म्युझिक पण सारखंच आहे का?

म्युझिक म्हणाल तर फारसं नाही. डेड १९६५चे, कॅलिफोर्नियाचे, सगळा पाया ब्लूज, फोक आणि कंट्रीचा. फिश १९८३ला व्हरमाँटमधल्या कॉलेजच्या पोरांनी काढला, त्यांची बरीच गाणी आधी काटेकोर बांधलेली असतात आणि मग मध्येच लगाम सुटतो, शिवाय वात्रटपणा चिक्कार, ड्रमर स्टेजवर चक्क व्हॅक्यूम क्लीनर वाजवतो. त्यामुळे "फिश म्हणजे नवे डेड" हे मला तरी पटत नाही.

सारखी आहे ती ऐकायची सवय. आज काय वाजवतील आणि ते कुठे जाऊन थांबेल याचा पत्ता नाही, म्हणून लोक अख्खी टूर गावोगाव मागे फिरतात. फिशचं ट्वीझर हे गाणं अल्बमवर नऊ मिनिटांच्या आत आटपतं, २०१३ला लेक टाहोला तेच ३६ मिनिटांच्या वर गेलं. यमन शंभरदा ऐकलेला माणूस आज बुवा काय करतात बघू म्हणून परत बैठकीला जातो ना, तोच प्रकार. (डेडचा ड्रमर मिकी हार्ट तर अल्लारखांकडे शिकलेला.)

आणि टेप! डेडनी १९८४ला शो रेकॉर्ड करणाऱ्या फॅनना वेगळी जागाच दिली, साउंडबोर्डच्या मागे माइकच्या स्टँडची नुसती गर्दी. अट एकच, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवला की कोण कुठला अनोळखी माणूस शो भरून पाठवायचा. फिशवाल्यांनी हे आयतं उचललं, पार्किंगमधला ग्रिल्ड चीज आणि टाय-डाय टीशर्टचा बाजारसुद्धा, त्याला अजून डेडच्याच गाण्यावरून शेकडाउन म्हणतात. फुकट तिकीट हवं असेल तर दोन्हीकडे एक बोट वर करून फिरायचं. नशेबद्दल सगळे बोलतात, पण दोन्हीकडे नशा सोडलेल्यांचे ग्रुप आहेत, डेडकडे व्हार्फ रॅट्स, फिशकडे फेलोशिप, पिवळे फुगे लावून बसतात आणि इंटर्व्हलला मीटिंग घेतात, हे कुणी सांगत नाही.

२०१५ला शिकागोत डेडच्या पन्नाशीच्या शोला डेडचा दिवंगत गिटारिस्ट जेरी गार्सियाच्या जागी गिटार घेऊन फिशचा गिटारिस्ट ट्रे अनास्तासिओच उभा होता, जुन्या डेडहेड्सपैकी (म्हणजे डेडच्या फॅनपैकी) काहींनी नाकं मुरडलीच.

ऐकायचं असेल तर डेडचा ८ मे १९७७चा कॉर्नेलचा शो लावा, फिशचा १९९५चा लाइव्ह अल्बम अ लाइव्ह वन. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बासचं काम कळतच नाही.