हॅमरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नकोस

मालवणच्या त्या दुमजली घराचा तुझा रिपोर्ट वाचला. रिबाउंड हॅमरचे (ठोकून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा मोजणाऱ्या हातोड्याचे) आकडे चांगले आले म्हणून काँक्रीट उत्तम, असं लिहून मोकळा झालास. अरे, जुन्या काँक्रीटचं वरचं कवच कार्बोनेशनने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून, टणक होतं, पण सळईला जपणारा त्याचा अल्कधर्मी गुण जातो. हॅमर खूश, आणि आत सळई निवांत गंजत असते.

समुद्राच्या बाजूच्या कॉलमचं थोडं कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फोड. ताज्या फोडीवर लगेच फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन) फवार. गुलाबी झालं तर कार्बोनेशन तिथवर पोचलेलं नाही. पण म्हणून हुरळू नकोस. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड गुलाबी काँक्रीटमधली सळईसुद्धा खातं. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची काँक्रीटची भुकटी लॅबला दे आणि सळईचं विद्युत विभव मोजणारा हाफ-सेल लाव. त्याच्या कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त.

दुरुस्तीत मीही तोंडघशी पडलोय. एका बीमचा फक्त फुगून पडलेला भाग मॉर्टरने भरला. दोन पावसाळ्यांनी ठिगळ शाबूत, पण त्याच्या कडेने नवी भेग! ठिगळातली सळई वाचली की शेजारच्या क्लोराइडवाल्या भागातली जोरात गंजते. तेव्हा बाधित काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढ, जॅकेटिंगचं (भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टन घालण्याचं) मग बघू.

आणि घरातल्या आजोबांना विचार, स्लॅबची वाळू कुठली होती. खाडीची, न धुतलेली असेल, तर क्लोराइड काँक्रीटमध्ये आधीपासूनच मिसळलेलं; मग आतल्या खोल्यांचे कॉलमही तपासावे लागतील.