क्युबात अजूनही रेशनवर धान्य मिळतं म्हणतात, ते खरं आहे का?

हो खरंय, १९६२ पासून चालू आहे. तिथल्या रेशनकार्डाला 'लिब्रेता' म्हणतात आणि ज्या दुकानात माल मिळतो ते 'बोदेगा'. आपल्यासारखं पिवळं, केशरी असं काही नाही, गरीब असो की डॉक्टर, प्रत्येक घराला पुस्तिका. तांदूळ, साखर, घेवडा, तेल, अंडी, कॉफी असं सगळं नाममात्र भावात. कॉफीत मात्र भाजलेले वाटाणे दळून मिसळलेले असतात (ऐकून मलाही आधी चेष्टाच वाटली होती!). ७ वर्षांपर्यंतच्या मुलांना दूध. सिगारेटी पण मिळायच्या, त्या २०१० मध्ये बंद केल्या.

पण म्हणून पोट भरतं असं समजू नका. १९९१ ला सोव्हिएत युनियन कोसळलं, तिकडून येणारं स्वस्त खनिज तेल आणि धान्य आटलं, त्यात अमेरिकेचे निर्बंध आधीपासूनच, मग रेशनचा माल कमी होत गेला तो गेलाच, आता तर कधी तांदूळ उशिरा, कधी तेल नाहीच, उरलेलं बाहेरून महागात घ्यायचं आणि सरकारी पगारात ते परवडत नाही, म्हणून ज्यांचे नातेवाईक मायामीतून डॉलर पाठवतात त्यांचं त्यातल्या त्यात बरं चालतं.

रांगेची पद्धत मला फार आवडली. आलं की विचारायचं, 'उल्तिमो?' म्हणजे शेवटचा कोण. जो हात वर करेल त्याच्यामागे आपला नंबर, मग खुशाल सावलीत जाऊन गप्पा मारा.