गावरान ज्वारीचं बियाणं घरी कसं राखायचं? आणि त्याचा बाहेरच्या जगाशी काय संबंध?

आधी संबंध. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात ती सुमारे 5000 वर्षांपूर्वी माणसाळली. तिथे आजही तिच्या आंबवलेल्या पिठाची किसरा नावाची पातळ पोळी करतात, आपल्याकडे भाकर, कण्या नि आंबील. खाणारे टिकले म्हणून वाणं टिकली. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ज्वारीच्या बियाण्याचे 40 हजारांवर नमुने थंडीत जपलेत. पण हुरड्याला कोणतं वाण गोड, हे शीतपेटी सांगत नाही.

आता काम. ज्वारीत थोडं परपरागीभवन होतंच. शेजारी संकरित ज्वारी असेल तर 200 मीटर अंतर ठेवा. जमत नसेल तर फुलोऱ्याआधी कणसावर कागदी पिशवी बांधा. फुलोरा शेंड्यातून खाली उतरतो, आठवडाभर चालतो. तो संपला की पिशवी काढा, नाहीतर आत अळी नि बुरशी माजते. दोन-चारच टपोरी कणसं निवडू नका, वाणातली विविधता तिथंच संपते. निदान 40-50 घ्या, तीही धुऱ्यालगतची सोडून. पावसात सापडून काळी पडलेली नकोतच.

दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. कोमट असताना भरला तर डब्यात घाम सुटतो, सोंडे लागतात. गार झाल्यावर चाळलेली राख मिसळून झाकण घट्ट लावा. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. चार-पाच दिवसांत 75 तरी उगवले पाहिजेत.

रानडुकरांचा बंदोबस्त मात्र वेगळा प्रश्न आहे, एकट्यानं ज्वारी पेरली तर सगळी त्याच वावरात येतात.