वाचक विचारतात: लग्नपत्रिका घरीच करताना

प्रश्न (सांगली): २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) ए४ कार्डावर पत्रिका छापल्या. मधोमध घडी घातली की पांढरी भेग पडते आणि रंगाचे पोपडे सुटतात. कार्ड निकृष्ट आहे का?

उत्तर: कार्ड बहुधा चांगलंच असेल, घडीची दिशा चुकली आहे. कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेला झोपतात. त्यांना समांतर घडी सफाईने बसते, आडवी घातली की वरचा थर फाटतो. कापून मिळणाऱ्या ए४ मध्ये तंतू बहुधा लांब बाजूने असतात आणि मधली घडी नेमकी त्यांना आडवी पडते. खात्री करायला कोरं कार्ड न दुमडता एकदा उभं, एकदा आडवं वाकवून बघा. कमी जोर लागतो तिकडे तंतू घडीला समांतर असतात. मोठ्या तावातून कापून घेणार असाल तर दुकानातच हे बघून कापायला सांगा.

उरलेली कार्डं वाचतील. खाली जुनं मासिक, वर स्टीलची पट्टी आणि हातात शाई संपलेलं बॉलपेन घ्या. बाहेरच्या, म्हणजे मुखपृष्ठाच्या बाजूने मधोमध दोनदा दाबून रेघ ओढा. मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठतो, तो घडीच्या आत आला पाहिजे. इथे पुष्कळ जण उलटी घडी घालतात. लेझर प्रिंटरचा टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदात मुरत नाही, वर बसतो, त्यामुळे घडीच्या दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर गडद रंग ठेवू नका. हे आराखडा करतानाच ठरवावं लागतं.

प्रश्न (नाशिक): संगणकावर मजकूर टाकला की ‘चि.’ची वेलांटी च च्या पुढे जाते आणि ‘मुहूर्त’मधला रफार सुटा पडतो.

उत्तर: फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी करायला सांगावं लागतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. ते जमत नसेल तर मजकूर वर्डमध्येच मांडा, तिथे युनिकोड मराठी नीट जुळते.

फॉन्ट मात्र डोळ्यांत तेल घालून निवडा. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ‘लग्न’चा ल आणि ‘शुभ’, ‘शके’चा श मराठी डोळ्याला परका दिसतो, आणि पत्रिकेत हे शब्द पहिल्याच ओळींत येतात. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये ही अक्षरं आपल्या वळणाची आहेत, शिवाय तो फुकट मिळतो. बाहेर छापायला देताना वर्डची फाइल देऊ नका. त्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर सगळी मांडणी बदलते. पीडीएफ द्या.

प्रश्न (पुणे): हातकागदावर इंकजेटने छापलं, अक्षरांना केस फुटल्यासारखे दिसतात.

उत्तर: खळ कमी असलेला हातकागद शाई टिपकागदासारखी ओढून घेतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि या कागदाचा मोह आम्हालाही आहे, पण मजकूर गुळगुळीत कार्डावर छापून ते हातकागदावर चिकटवणं उत्तम. पाकिटं हातकागदाची करा. कोपऱ्यांना हळदकुंकू लावणार असाल तर कोरडंच लावा. ओलं बोट इंकजेटच्या अक्षराला लागलं की शाई पसरते.

प्रश्न (इंदूर): तिथी आणि शके आम्हीच लिहिणार आहोत. काय सांभाळावं?

उत्तर: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे मे २०२६ मधल्या लग्नाला शके १९४८, फेब्रुवारी २०२६ मधल्याला १९४७. खरी चूक महिन्यात होते. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे आपल्या कार्तिक वद्याला तिकडे मार्गशीर्ष कृष्ण म्हणतात. तुमच्याकडे हिंदी कॅलेंडर हाताशी असणार, तेव्हा वद्य पक्षातली तिथी मराठी पंचांगावरूनच घ्या. मायना आधी हाताने लिहून दोन्ही घरच्या थोरांना दाखवा. ‘चि. सौ. कां.’, आजोबांचं नाव, निमंत्रकांचा क्रम या गोष्टी छापल्यावर दुरुस्त करता येत नाहीत, आणि त्या दुखावतात.

प्रश्न (कोल्हापूर): पत्रिका टपालाने जाणार आहेत. कागद किती जाड घ्यावा?

उत्तर: साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ए४ कार्ड ३०० जीएसएमचं असेल तर एकट्याचं वजन पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरतं, पाकिटासह ते २० च्या पुढे जातं. २०० जीएसएम घेतलं तर साडेबारा ग्रॅम. पाकीट हलक्या कागदाचं असेल तर सगळं मिळून २० च्या आत बसतं. मधोमध घडी घातलेली पत्रिका २१० बाय १४८ मिलिमीटरची होते, तिला २२९ बाय १६२ चं पाकीट घ्या. छापायला बसण्याआधी एक कोरा नमुना घडी घालून, पाकिटात भरून सोनाराच्या काट्यावर तोलून बघा.