चित्र फाटतं, माउस जड होतो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सुट्ट्या लागल्यापासून गेमिंगचे प्रश्न वाढले आहेत आणि त्यातले बहुतेक एकाच गाठीशी येऊन अडतात: ग्राफिक्स कार्डाची चाल आणि मॉनिटरची चाल जुळत नाही. नवं कार्ड घ्यायचा विचार करण्याआधी ही चाल जुळवून पाहा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याला एक रुपयाही लागत नाही.

प्रश्न: माझ्याकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. गेममध्ये झटकन वळलं की चित्र मधोमध आडवं फाटतं. व्ही-सिंक लावला की फाटणं थांबतं, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा जड होतो. दोन्हींतलं काय सोसायचं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रामबाग)

उत्तर: दोन्ही सोसू नका. मॉनिटर अख्खं चित्र एका क्षणात दाखवत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवत जातो. १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ फेऱ्या असताना, अशा एका फेरीला सुमारे ६.९ मिलीसेकंद मिळतात. फेरी अर्ध्यावर असताना कार्डाने नवी फ्रेम, म्हणजे गेमचं पुढचं चित्र, पुढे केली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. हेच टेअरिंग. व्ही-सिंक कार्डाला फेरी संपेपर्यंत थांबवतो. तोवर तयार फ्रेम्सची रांग लागते, आणि तुम्ही माउस हलवता तेव्हा समोर येतं ते रांगेत पडून राहिलेलं, थोडं शिळं चित्र. जडपणा तिथून येतो.

यावरचा खरा उपाय तुमचं कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने जाहीर केला. त्यात मॉनिटरच कार्डासाठी थांबतो: फ्रेम तयार झाली की फेरी सुरू. पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल बसवावं लागे आणि किंमत चढे. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हे तंत्र डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकात घेतलं, एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीचा फ्रीसिंक त्याच धर्तीवर आला, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा साध्या मॉनिटरवर जी-सिंक चालवू लागली. तुमच्या मॉनिटरच्या खोक्यावर फ्रीसिंक लिहिलेलं असेल, तर तुमचं काम बहुधा घरच्या घरी होईल.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू, तिथलाच व्ही-सिंकही चालू, गेममधला व्ही-सिंक मात्र बंद. आणि फ्रेम लिमिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम्स करायच्या ती मर्यादा, १४१.

हे लिमिटच लोक विसरतात आणि मग जी-सिंकला नावं ठेवतात. मॉनिटर १४४ च्या वर जाऊ शकत नाही. एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम्स) त्या टोकाला टेकले की जी-सिंकचं काम संपतं, व्ही-सिंक ताबा घेतो आणि ती रांग परत लागते. तीन-चार फ्रेम्स खाली राहिलात तर हे टोक लागत नाही. मग व्ही-सिंक चालू ठेवायचाच कशाला? लिमिट लावलं तरी फ्रेम्समधलं अंतर थोडं मागेपुढे होतंच. एखादी फ्रेम वेळेआधी आलीच, तर ती फाटू नये म्हणून. गेममध्ये रिफ्लेक्स (फ्रेम्सची रांग लागू न देणारी एनव्हिडियाची सोय) चालू असेल तर या जोडणीत आकडा आपोआप १३८ च्या आसपास थांबतो. काही बिघडलेलं नाही, तो तसाच बनवलाय.

लिमिट लावायला गेमच्या आत सोय असेल तर तीच वापरा. गेम पुढची फ्रेम सुरू करण्याआधी थांबतो, त्यामुळे माउसची ताजी हालचाल तिच्यात उतरते. सोय नसेल तर ड्रायव्हरमधलं ‘मॅक्स फ्रेम रेट’ किंवा आरटीएसएस हा वेगळा प्रोग्राम. आरटीएसएसमध्ये फ्रेम्स फार समान अंतराने येतात, म्हणून गोष्ट सांगणाऱ्या संथ गेम्ससाठी मला तोच आवडतो.

प्रश्न: सिल्व्हर मॉलमधून १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला. जुन्या ६० हर्ट्झपेक्षा काडीचाही फरक वाटत नाही. (सुदामानगर)

उत्तर: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. रिफ्रेश रेट अजून ६० वरच असेल, माझी जवळजवळ खात्री आहे. यादीत १६५ दिसतच नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, आणि ती मदरबोर्डवर नव्हे, ग्राफिक्स कार्डावर लावलीय ना तेही बघा.

प्रश्न: मुलाच्या १४४ हर्ट्झच्या लॅपटॉपचा पंखा असा घोंगावतो की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. तळ हात लावू देत नाही इतका तापतो. मुलगा म्हणतो, लिमिट लावलं की गेम स्लो होतो. (एक आई, लोकमान्य नगर)

उत्तर: गेम स्लो होत नाही, फक्त फ्रेम्स कमी तयार होतात. लिमिट नसेल तर कार्ड जितक्या जमतील तितक्या फ्रेम्स करत सुटतं, अगदी नुसता मेनू उघडा असतानाही. लिमिट लावलं की एक फ्रेम संपवून दुसरी सुरू होईपर्यंत त्याला विश्रांती मिळते. वीज, उष्णता, पंखा तिन्ही उतरतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

७२ चं लिमिट लावायला सांगा. १४४ च्या बरोबर निम्मं असल्याने प्रत्येक फ्रेम साधारण दोन फेऱ्या दिसते आणि चाल सम राहते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मागे (बॅकग्राउंडला) पडलेल्या गेमसाठीही वेगळं लिमिट असतं. जेवायला उठताना तो गेम तसाच सोडत असेल, तर तिथे २० टाका. आणि लॅपटॉप गादीवर नको.

प्रश्न: जीटीएक्स १६५० कार्ड, ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर. व्ही-सिंकशिवाय ५० एफपीएस येतात, लावला की थेट ३०! वीस फ्रेम्स जातात कुठे? (महू)

उत्तर: ५० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला २० मिलीसेकंद. तुमच्या मॉनिटरची फेरी १६.७ ची. फ्रेम थोडक्यात चुकते आणि तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे ३३.३ मिलीसेकंद, म्हणजे ३०. ट्रिपल बफरिंग (तयार फ्रेमसाठी एक जादा जागा) असेल तर इतकी घसरण होत नाही, पण सगळ्या गेम्समध्ये ती सोय नसते.

सावल्या आणि रिफ्लेक्शन्स एकेक पायरी खाली आणा, बऱ्याचदा तेवढ्यात ६० गाठता येतात. नाहीच गाठले तर कंट्रोल पॅनलमध्ये व्ही-सिंक ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ करा. ६० च्या खाली तो स्वतः बाजूला होतो. थोडं टेअरिंग दिसेल, पण ३० वर आपटणं टळेल.

पैसे साठवत असाल तर आधी मॉनिटर बदला, कार्ड नंतर. ४८ ते १४४ हर्ट्झ अशी रेंज (ज्या पट्ट्यात मॉनिटर कार्डाशी चाल जुळवू शकतो तो) असलेला फ्रीसिंक मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडलात, तर हेच ५० एफपीएस सलग वाटतील. ४० पर्यंत घसरले तरी तीच फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० वर चालतो. ४८ ते ७५ रेंजच्या स्वस्त मॉनिटरला हे जमत नाही, कारण वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट लागतो. घेताना रेंज विचाराच.

प्रश्न: दादा, व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमसाठी मित्र म्हणतात सगळं सिंक बंद कर, लिमिट काढून टाक. मॉनिटर १४४ चा आहे. ३०० एफपीएस येतात, पण भर फाइटमध्ये झटके बसतात. (अकरावी, राजेंद्रनगर)

उत्तर: मित्रांचं निम्मं बरोबर आहे. ३०० वर मॉनिटरला कायम ताजी फ्रेम मिळते, प्रतिसाद काही मिलीसेकंदांनी लवकर येतो. स्पर्धेत उतरणाऱ्याने टेअरिंग सोसून ते घेणं मला पटतं. पण ३०० हा मोकळ्या मैदानातला आकडा आहे. स्मोक पडले, सगळ्यांच्या अ‍ॅबिलिटीज एकदम सुटल्या की तो कुठवर खाली येतो ते बघ. ३०० वरून २०० वर घसरणं हाताला झटक्यासारखं लागतं; कायम २०० असते तर लागलं नसतं.

शिवाय कार्ड शंभर टक्के राबत असेल तर प्रोसेसर त्याच्यापुढे कामाची रांग लावतो, म्हणजे लिमिट नसल्यानेच लॅग (प्रतिसादातला उशीर) वाढतो. रिफ्लेक्स ही रांग मोडतो, तो चालू कर. मग फाइटमधला सगळ्यात खालचा आकडा धर, त्याच्या जरा खाली गेममधलं लिमिट लाव आणि रँक्डला (क्रमवारीच्या सामन्यांना) जाण्याआधी डेथमॅच या मोकळ्या सामन्यात हात बसव.